बसल्यावर किती खचतं

मुराद बख्शचं दुकान वादी कबीरच्या मागल्या गल्लीत,
एका बाजूला शवरमा, दुसऱ्या बाजूला ट्रकचे टायर.
"वजन किती?"
अठ्ठ्याहत्तर, मी म्हटलं.
"नुसतं तुझं नको. बूट, हेल्मेट,
पाठीवरचं तीन लिटर पाणी, खजूर, फोन."
मी आकडा वाढवत गेलो. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी.
मस्कतमध्ये एकवीस वर्षं झाली,
सगळ्यासकट मला पहिल्यांदाच कुणी तोलत होतं.

भिंतीला हात टेकवून त्यानं मला सायकलवर बसवलं.
पुढच्या नळीवरची रबराची रिंग बोटानं खाली ढकलली.
"हळू बस. हलू नको. आता हळूच उतर."
रिंग जिथं अडकली तिथं पट्टी लावली,
छोट्या पंपानं तीनदा हवा मारली.
"बसल्यावर इतकं खचायलाच हवं," तो म्हणाला,
आणि बिडीसाठी बाहेर गेला.

माझी साधी. हिरवी, जुनी,
देश सोडून निघालेल्या एका डच इंजिनियरची.
चारुशीलेनं विजेची घेतली, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर.
मोटर म्हणजे फसवणूक, मी म्हणालो.
"मिक्सर आणलास तेव्हा पाट्या-वरवंट्याची
आठवण नाही झाली ती?"
मुरादला मराठी येत नाही. तरी तो हसला.

टायरमध्ये ट्यूब नाही, आत पांढरा चीक,
रुईचं पान खुडल्यावर येतो तसा.
इथल्या समरचे काटे आपल्या बाभळीचे सख्खे भाऊ;
टोचला काटा की चीक धावतो, भोक बुजवतो.

शुक्रवार. फज्रची अजान संपता संपता
आम्ही यितीच्या अलीकडे गाडी लावली.
डोंगर जळक्या तव्याच्या रंगाचे,
त्यांच्यात नासर अल-रवाहीनं दाखवलेली गाढववाट.
पुढे वादी. म्हणजे कोरडी नदी;
आमच्याकडे वादी कोर्टात असतो, मी त्याला सांगितलं होतं.
तो म्हणाला, इथंही कधी कधी.

चढ.
सगळ्यात हलका गिअर, त्याच्याखाली आणखी गिअर नाही
हे अंगठा तीनदा तपासतो.
चारुशीला शिवणयंत्रासारखी गुणगुणत गेली पुढे,
वळणावरून परत आली. "पाणी पी."
गेली. पुन्हा आली. "तोंडानं श्वास घेऊ नको."
गेली. एक बकरी माझ्याच वेगानं शेजारून चालत होती,
तिनं मान वळवून एकदा पाहिलं,
मग कंटाळून वर निघून गेली.

उतारावर सीट अंगठ्यानं खाली पाडायची,
टाचा खाली, कोपरं बाहेर,
आणि दगडाकडे बघायचं नाही.
नासर म्हणतो, सायकल नजरेच्या मागे जाते.
मी दगडाकडे बघितलं.
सायकल नजरेच्या मागे गेली.

कोपराचं सालपट, कानात वाळू,
आणि वरून चारुशीला:
चोवीस किलोची तिची गाडी त्या दगडांवरून
तळ्यात शिरणाऱ्या म्हशीसारखी निवांत उतरली.

परतीचा चढ अर्धा असताना मोटर गप्प झाली.
मला बघायला केलेल्या फेऱ्या बॅटरीनं मोजल्या होत्या.
मी माझी सायकल दगडाला टेकवून ठेवली,
तिनं हँडल धरलं, मी मागून सीटला खांदा लावला.
चोवीस किलो. नऊ वाजले होते,
ऊन आता हातमोज्यांतून आत येत होतं.
फसवणुकीबद्दल कुणीच काही बोललं नाही.
वर पोचून मी माझी सायकल आणायला परत खाली गेलो.

संध्याकाळी गच्चीच्या नळाखाली दोन्ही सायकली.
तिनं माझ्या पुढच्या नळीकडे बोट दाखवलं:
रिंग पार वरच्या टोकाला जाऊन बसली होती.
"इतका खचलास?"
"तो दगड," मी म्हणालो.
तिनं ओल्या अंगठ्यानं रिंग खाली सरकवली
आणि चेन पुसायला जुनी बनियन मागितली.