बुधवारी नवरा मरतो

बुधवारी दुपारी दोन ते पाच माझा नवरा मरतो.
डंडीचं मेडिकल कॉलेज, दुसरा मजला, खोली नंबर चौदा.
दोन खुर्च्या, एक टिश्यूचा डबा,
आणि आरशामागे वही घेऊन डॉक्टर मॅक्आस्किल, यांच्या बाई.
कागदावर नवऱ्याचं नाव डग्लस, वय एकसष्ट,
सकाळी जिना चढताना कोसळला.
मला यातलं काही ठाऊक नसतं.
पर्स मांडीवर घेऊन मी बसते
आणि दर वीस मिनिटांनी एक नवं पोर दार उघडतं
आणि मला विधवा करतं.

तासाला तेरा पौंड, वर चहा.
चाळीस वर्षं टपाल वाटलं मी.
वाईट बातमी दारात टाकायची आणि पुढचं दार गाठायचं.
आता थांबायचं, एवढाच फरक.

पोरं गुणी आहेत, पाठ करून येतात.
नाव सांगा, बसा, विचारा तुम्हाला काय काय माहीत आहे,
मग इशारा, मग बातमी,
मग गप्प.
गप्प बसणं त्यांना सगळ्यात जड जातं.
फर्गस मनात आकडे मोजतो, ओठ हलतात त्याचे,
दहा झाले की डबा पुढे.
कॅट्रिओना म्हणाली, 'मला कळतंय.'
मी विचारलं, 'काय कळतंय?' कागदावर हे नव्हतं.
तिलाच रडू फुटलं, डबा मी सरकवला.
आणखी एक म्हणाला, 'दुर्दैवानं डग्लस आता आपल्यात नाहीत,'
आणि मी, कागदाला धरून,
'मग कुठल्या वॉर्डात हलवलंय?'
त्याचा चेहरा!
आरशामागे वही खाली पडली.
'मेले' हा एक शब्द ओठांबाहेर काढायला
या हुशार लेकरांना वर्ष लागतं.

माझी आई तागाच्या गिरणीत होती.
मागांच्या खडखडाटात तिशीच्या आत कान गेले तिचे.
तिथं बाया ओठांनी बोलायच्या, हातांनी हसायच्या.
घरी शिस्त एकच, आईशी बोलायचं तर उजेडात या.
पाठमोरं बोललेलं आमच्याकडे बोललेलं नव्हतंच.
बाबा गेले, तेव्हा शेजारीण दारातच पुटपुटली,
नजर पायपुसण्यावर.
आईनं तिची हनुवटी धरली, वर उचलली
आणि पुन्हा सांगायला लावलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
माझ्या कामात ते बसत नाही.

आज शेवटचा कायोदे. इबादानहून आलेला, उंच, घामेजलेला.
नाव सांगायला विसरला. इशारा विसरला.
खुर्ची उचलून खिडकीशी नेली,
उजेड तोंडावर घेऊन बसला.
'मी नीट दिसतोय ना तुम्हाला?'
आणि मग, 'डग्लस मेले.'

तिथं मी रडायचं असतं, चौथ्या ओळीत लिहिलंय.
मी त्याच्या ओठांकडे बघत राहिले.
बऱ्याच वेळानं म्हटलं, 'पुन्हा सांग.'
त्यानं पुन्हा सांगितलं,
तेवढ्याच आवाजात.

मग फॉर्म. परिचय दिला का: नाही.
सहानुभूती: एक ते पाच.
'दोन दे, मोराग,' बाई म्हणाल्या, 'पायऱ्या चुकल्या त्याच्या.'
मी चौकट मोकळी ठेवली, पेन्सिल परत दिली.
तो बाहेर बाकावर, स्वतःचे बूट बघत.
'नापास ना?'
'घाम पूस आधी,' मी म्हटलं.
दुसरं काही सुचलं नाही.

घरी एवन सिंकपाशी, पाठमोरा,
बटाटे सोलत कसल्याशा गाडीबद्दल सांगतोय.
नळ चालू असला की हल्ली मला शब्द लागत नाहीत.
त्याला अजून बोलले नाहीये.
'इकडे वळून बोल.'
तो वळला. ओले हात, अर्धा सोललेला बटाटा,
आज नऊ वेळा मेलेला माणूस.
'कचऱ्याची गाडी,' म्हणाला. 'उद्या निळा डबा.
निळा.'