आडवी रेघ असलेला सात

हळदोण्याच्या इगर्जीत बाप्तिस्म्याची नोंद:
मारिया एर्मेलिंदा द पिएदाद नोरोन्या.
पलटणीच्या यादीत: लिंडा नोरोना, नर्स, तात्पुरती.
पेन्शन कचेरीच्या पत्रात:
सदर दोन व्यक्ती एकच असल्याचे सिद्ध होत नाही.

अशी पत्रं मी ट्रेझरीत एकोणतीस वर्षं टाइप केली.
'सदर' ह्या शब्दाआड माणूस किती सुखाने लपतो, ठाऊक आहे मला.
म्हणूनच असेल,
निवृत्त झाल्यावर ह्या बायकांच्या मागे लागले.
चौदा नावं. तेरा वारल्या. एकीचा पत्ता नाही.

"आमची तिया युद्धाचं बोलायची नाही," भाची सेवेरिना म्हणाली,
"फक्त कुणी कण्हलं की ताटावरून उठायची.
शेजाऱ्यांची गाय व्यायला झाली असली तरी."
मग तिने बिस्किटांचा डबा उघडला.
पदक नव्हतं. फोटो नव्हता.
पोदेराच्या हिशेबाची वही होती, कडा वाळवीने खाल्लेली:
सोमवारी ७ पाव, मंगळवारी ७, बुधवारी पोदेर आला नाही.
आकडे इंग्रजी,
आणि प्रत्येक सातच्या कमरेत एक आडवी रेघ,
पोर्तुगीज शाळेत शिकवत तशी.
माझ्या मराठी सातला पोट असतं.
तिच्या सातला कंबरपट्टा.

घरी येऊन बसऱ्याच्या इस्पितळाच्या झेरॉक्स पुन्हा काढल्या.
खाट सतरा. रात्री दोन. ताप एकशे तीन पॉइंट सात.
कंबरपट्टा.
शेजारी मेट्रनची लाल पेन्सिल:
हा आकडा आहे की एफ? नीट लिहीत जा.
दुसऱ्या रात्रीही रेघ आहे.
तिसऱ्या रात्रीही, जरा जास्तच दाबून.
पाचव्या पहाटे खाट सतराचा रकाना कोरा.

नाव कापलं तेव्हा ती गप्प बसली असेल.
वय तर तिनेच दोन वर्षांनी वाढवलं होतं, भरती व्हायला.
सात मात्र तिने दिला नाही.

पणजीच्या कचेरीतला मुलगा सालस होता.
पंखा माझ्याकडे वळवला, दोन्ही कागद उजेडात धरले.
"दिसतंय, मॅडम. पण अक्षर हा पुरावा नाही होत.
जन्मतारखेचं काय?"
कुठल्या, मी म्हटलं.
तो हसला नाही, मीही नाही.

डब्याच्या तळाशी तिच्या अर्जाचा कच्चा मसुदा होता,
कधीच न धाडलेला:
मी सत्तावीस महिने काम केले.
तेवढ्याचेच द्यावे. बाकी काही मागत नाही.

आज अर्ज पुन्हा केला, वारस म्हणून सेवेरिनाचं नाव घालून.
पैसे आलेच तर तिला कौलं बदलायची आहेत.
प्रिंट काढली.
कॉम्प्युटरच्या सातला रेघ नसते.
पोस्टाच्या काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन घेतलं
आणि एकेक करून मारत गेले.
नऊ होते.
मागचा माणूस म्हणाला, बाय, बेगीन कर.