नवी लाट, भुसावळ

मेल्विन म्हणाला, न्यू वेव्ह.
प्रभाकरने त्याचं मराठी केलं आणि भिंतीवर गेरूने लिहिलं:
नवी लाट. रविवारी सात वाजता. रेल्वे इन्स्टिट्यूट.
मे महिना, पारा सत्तेचाळीस.
लोकांनी वाचलं
आणि घरी जाऊन माठ भरून ठेवले.
जे वीस-बावीस आले
त्यांतल्या निम्म्यांच्या खिशात कांदा होता.

मी तेव्हा वायर धरायचो.
प्लग सैल, हात सुटला की बँड बंद.
कॅसेटवर माझं नाव नाही,
पण ती चार गाणी माझ्या बोटांना पाठ आहेत,
झिणझिण्यांसकट.

रुबाब तडवी कॅरेज खात्यात.
रात्रपाळीला हातोडी घेऊन उभ्या गाडीची चाकं ठोकत जायचा.
तडा गेलेलं चाक वेगळं बोलतं, म्हणायचा.
ड्रमही तसाच:
मारायचा कमी, ऐकायचा जास्त.
प्रभाकर नारखेडे केळीच्या वॅगनींचा कारकून.
बेसची जाड तार तुटली तेव्हा
त्याने आपल्या लुनाची ब्रेकची वायर ओढून बसवली.
आवाज आला.
लुना मात्र जामनेर रोडच्या उतारावर थांबली नाही.
कॅसेटच्या कव्हरवर त्याच्या हनुवटीचे तीन टाके
नीट मोजता येतात.

आणि प्रमिला फेगडे.
दिवसभर स्टेशनात गाड्या पुकारायची,
संध्याकाळी त्याच आवाजात गायची,
ना लाडिक, ना हुंदका:
तू येणार होतास.
तू अनिश्चित काळ उशिराने धावत आहेस.
गैरसोयीबद्दल

आणि गप्प.
चार ठोके कुणी काही वाजवायचं नाही.
मेल्विनची बोटं पट्ट्यांवर अधांतरी,
पंख्याची घरघर तेवढी.
‘खेद’ तिने कधी गायलाच नाही.
तो मी दिवसातून साठदा म्हणते, म्हणाली,
पगार त्याचाच आहे. हे माझं आहे.

मागून एक म्हातारा ओरडला होता,
बाई, तू रडत काहून नही?
तिने माइकमध्येच सांगितलं,
रडायला पाणी लागतं, काका.
आमचा नळ चौथ्या दिवशी येतो.

दोन वर्षं. अकरा कार्यक्रम.
सावद्याच्या लग्नात तिसऱ्या गाण्याला वरबापाने
पैसे देऊन थांबवलं. जास्त दिले होते.
मग मेल्विनची मावशी पर्थला निघाली, त्याला घेऊन.
प्रमिलाची बदली खांडव्याला.
कीबोर्डच्या खोक्यावर प्रभाकरच्या आईने सांडगे वाळत घातले.
भांडण झालं नाही. झालं असतं तर
सांगायला काहीतरी असतं.

दोनशे कॅसेटींतल्या एकतीस खपल्या.
उरलेल्यांवर दुकानदाराने कीर्तन भरून विकलं.
म्हणून यावलकडच्या काही घरांत
कीर्तन संपून आरती व्हायच्या आत
एक बाई अचानक म्हणायची, गैरसोयीबद्दल,
आणि हात जोडलेले लोक
तसेच बसून राहायचे.

स्टेशनात आता रेकॉर्ड केलेली बाई आहे.
खेद फार गोड म्हणते.

परवा फैजपूरला हळद होती.
कीबोर्डवर विशीतला पोरगा, कानात बाळी,
समोर पन्नास जण नाचतायत,
आणि मधेच त्याने हात उचलला.
एक. दोन. तीन. चार.
अख्खा मांडव हवेत पाय धरून उभा.
माझी मूठ आपोआप आवळली,
हातात वायर नसताना.
मग धाडकन पुन्हा सगळं सुरू.

नंतर त्याला गाठलं. अठी का थांबला रे?
अठी थांबाच लागतं, काका. सगळेच थांबतात.
कोणी शिकवलं?
त्याने खांदे उडवले,
दुसऱ्या हाताने चहा घेतला.

डिसेंबर होता, अंगावर शाल.
पंगतीत भरीत-पुरी.
उठताना ताटाशेजारचा एक अख्खा कांदा उचलला
आणि खिशात टाकला.