बी-सात

अल्ताफ केबलवाला खिडकीच्या चौकटीला भोक पाडतो;
भुसा कोरफडीच्या कुंडीत.
मोडेमचे तीन दिवे हिरवे, चौथ्याचं
अजून ठरत नाही.

"काकू, नेटवर्कला नाव काय देऊ?"
फोनवर अख्खं कर्वेनगर उतरलेलं:
गद्रे वरचा मजला,
फुकट्यांनी लांब राहावे,
राजहंस बी-सात.

बी-सातला जूनपासून कुलूप.
राजहंस गेले, मुलगा टोरांटोला परतला,
राउटर बंद करायचं राहिलं कुणाचं तरी.
वीजबिल कोण भरतं, ठाऊक नाही.
भिंतीतून अजून दोन दांड्या येतात.

पासवर्ड लूनाचा जुना नंबर.
स्वयंपाकघरात रेंज नाही मिळायची, अल्ताफ म्हणतो,
पाणी पिऊन, सातशे घेऊन जातो.

चौथा दिवा लागला वाटतं.
मी यादीच बघत बसलेय.