वाळुंज

सहा आठवडे साळवी सरांनी फक्त पडायला शिकवलं.
खडकीतला कामगार हॉल,
कॅरमबोर्ड भिंतीला टेकवलेले,
निळ्या गाद्यांना घामाचा आणि फिनेलचा वास.
हनुवटी छातीला. श्वास बाहेर. तळहात सपकन जमिनीवर.
"मॅडम, जमीन वैरी नाही आपली.
तिच्याकडे जाताना फक्त आवाज देऊन जायचं."

मी एकोणपन्नास. बँकेत, कर्जखात्यात.
न्हाणीघरात घसरून मनगट मोडलं
तेव्हा डॉक्टर म्हणाले, जपून.
मग मी इतकी जपून झाले
की माणसांशी बोलतानाही कठडा शोधायची.

एका बुधवारी वीज गेली, तेव्हा सरांनी गोष्ट सांगितली.
नागासाकीचा कुणी वैद्य, फार जुन्या काळचा,
शिकलेले डाव मोजकेच, म्हणून खट्टू,
देवळाच्या आवारात बसून होता.
बर्फ पडत होता.
दांडगी झाडं तो अंगावर झेलत राहिली,
रात्री एकेक फांदी कडाडली.
वाळुंजानं मात्र फांदी खाली जाऊ दिली.
बर्फ निसटला.
फांदी वर आली, काही झालंच नाही अशी.
त्यातून निघालं म्हणे सगळं: 'जू'.
मऊपण. पण लेचेपेचेपण नव्हे.
"खरं आहे का हे?"
"माझ्या सरांनी मला दिलं, मी तुम्हाला देतो.
वापरून बघा."
"आणि बर्फ पाहिलाय तुम्ही?"
"फ्रीजमध्ये," म्हणाले साळवी सर,
कारखान्यात लेथनं करंगळी नेलेला हात
गुडघ्यावर ठेवून.

घरी सांगितलं तर आई म्हणाली,
त्यासाठी जपान कशाला?
लव्हाळं काय कमी वाकतं?

रविवारी मी होळकर पुलाखाली गेले.
मुळशीचं पाणी येऊन ओसरलेलं.
आपल्याकडचं वाळुंज तिथंच उभं होतं,
प्रवाहाच्या दिशेनं कललेलं,
माझ्या डोक्याच्याही वर
पिशव्या, चिंध्या, मखराचा थर्माकोल,
कुणाची तरी एक चप्पल.
मोडलं नव्हतं.
पण बर्फ निसटतो,
हे निसटत नाही.
हाताला आली तेवढी एक चिंधी मी सोडवली.
गाठ सुटायला बराच वेळ लागला.

सरांना हे सांगितलं.
ते गप्प. मग म्हणाले,
"गोष्टीत हे नव्हतं."
आणि गाद्या झटकायला गेले.

आज सानिया मुजावर, वय चौदा,
समोर वाकली. मीही वाकले.
तिनं माझी बाही धरली.
मी ढकललं; तिनं ते ढकलणं अडवलं नाही,
नुसतं थोडं पुढे नेलं,
जसं कुणी म्हणावं, या ना, बसा.
छतावरचा पंखा पायांखाली आला.
मनगटाला जुनी भीती आठवली
आणि तेवढ्यात
तळहात आधी पोचला होता. सपकन.

खिडकीतलं कबूतर उडालं.
सानिया घाबरून, "काकू, लागलं का?"

मी पडल्या पडल्या पंख्याकडे बघत होते.
वीज होती. तो फिरत होता.
तिचा हात अजून माझ्या बाहीतच होता,
सोडला नव्हता तिनं.