आठ ओहमचा डबा

व्हॉल्व्हचं असं असतंय:
बटण तीनावर ठेवलं तर तो नुसता सभ्य,
सोसायटीच्या कारकुनासारखा,
जेवढं दिलं तेवढं मोजून परत.
आठाच्या पुढं नेलं
की त्याचा गळा भरून येतो,
सुराच्या कडा वितळतात,
एक तार छेडली तर तिच्यामागं
दोन-तीन न बोलावता येऊन बसतात.
मला तेच पाहिजे होतं.

आणि आमची भिंत एक वीट जाड.
वडगावात दिवसभर माग चालतात,
तोवर कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.
रात्री नऊला खटका पडतो
आणि इतकं शांत होतं
की पलीकडं पेला कुठल्या फळीवर ठेवला तेही कळतं.

पहिल्याच रात्री निंगव्वा दारात.
एक बोट ओठावर:
"स्वल्प मेल्लग रे तम्मा, कूस मलगेती."
नातू तीन महिन्यांचा, आत्ता कुठं झोपलेला.
मी बटण दोनावर आणलं.
आवाज होता,
पण मिठाशिवाय उकडलेल्या बटाट्यासारखा.

मग सगळं करून बघितलं.
स्पीकर गोधडीत गुंडाळला, त्याला सर्दी झाली.
लोखंडी ट्रंकेत घातला, ट्रंकच वाजायला लागली.
भिंतीकडं तोंड करून ठेवला,
तर भिंत निंगव्वाचीच.

शेवटी ॲम्प्लिफायर मांडीवर घेऊन रिक्षानं
गौस किल्लेदारांकडं.
संकेश्वरच्या एका फिरत्या टॉकीजच्या भंगारातून
त्यांनीच तो काढला होता.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"बटण कमी करू नकोस.
पोटभर ओरडू दे की त्याला.
ओरडणं जाईल कुठं, तेवढं आपण ठरवू."
सोनेरी पंखांचे दोन रेझिस्टर
टेबलावर ठेवले, सुपारीच्या डबीशेजारी.
"पंधरा वॉटमधले चौदा हे खाणार.
स्पीकरला उरेल चाटून पुसून एक.
पण रिकामं कधी ओरडू द्यायचं नाही.
पुढं कुणी घेणारं नसलं
की ट्रान्सफॉर्मर आतल्या आत जळतोय."
आणि डाग देत बसले.
दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.
गेल्या पावसाळ्यापासून बहुतेक.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली,
रेझिस्टर आत बसवले.
रात्री बटण आठावर.
खरं सांगायचं तर सगळं नाही आलं.
हळू आवाजात कानाला खर्ज कमी पडतो,
तो थोडा वाढवावा लागला;
छातीवर जो धक्का बसतो तो नाही बसला.
पण कडा वितळली.
माझ्या खोलीत एक माणूस
जीव तोडून ओरडत होता
आणि ते कुजबुजीएवढंच ऐकू येत होतं.
भिंतीपलीकडं कूस झोपलेलं.
डबा तेवढा कोंबडीखालच्या अंड्यागत ऊबदार.

डिसेंबरात निंगव्वा पुन्हा दारात.
मी गिटार खाली ठेवली.
"ऐकू आलं का?"
तिचं मराठी, माझं कन्नड, दोन्ही कामापुरती.
"ऐकू कुठलं यायला? थंडीनं पीठ फुगेना झालंय.
आमचं मांजर रोज तुझ्या डब्यावर झोपतंय,
म्हटलं, हाय कायतरी तिथं."
पदराआडून डोश्याच्या पिठाचं पातेलं निघालं.
मांजराला उठवून तिनं ते डब्यावर ठेवलं,
वर ताट झाकलं,
आणि उंबऱ्यात थबकून म्हणाली,
"जरा जोरात वाजव की."

त्या रात्री मी दहावर नेलं.
सकाळी ताट उचललं गेलेलं,
पीठ पातेल्याच्या गळ्याशी.
तीन डोसे आले, शेंगदाण्याची चटणी.

आता ताप आला, कंटाळा आला,
तार तुटली तरी सुटका नाही.
परवा लाइट गेली, मी लवकर झोपलो.
उजाडायच्या आत कडी वाजली.
हातात पातेलं, तिरकं धरलेलं, आत बघ म्हणून.
"काल वाजवलं न्हाईस व्हय?
बसलंय बघ."