उजेड पाडणारा जंबिया

शनिवारी नऊला उद्यमनगरातलं शेवटचं लेथ थांबलं
की आम्ही माडीवर चढतो. जिन्याला कूलंटचा वास.
दोन पिंपांवर टाकलेलं प्लायवूड,
त्यावर आलेखाच्या कागदावर माझा किल्ला
आणि वीस बाजूंचा पितळी फासा,
पद्मण्णानं फावल्या वेळात घासून केलेला.
एक बाजू किंचित जड आहे, सतरा जरा जास्तच पडतं.
सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही.

पद्मण्णा चौगुले घरी कांदासुद्धा खात नाही.
इथं तो पिसाट. संताप चढला की दुप्पट घाव.
गेल्या महिन्यात त्याला मंत्राची तलवार मिळाली,
पण मंत्राला चित्त लागतं थाऱ्यावर,
पान एकेचाळीस.
"आधी मंत्र म्हणतो, मग संतापतो."
"संतापलास की मंत्र तुटला."
"मग ही नुसतं लोखंडच की वं?"
"संतापात, होय."
तो बराच वेळ भडंगातले शेंगदाणे वेचत बसला.

सुप्रभा मगदूमची वैद्यीण धारेचं हत्यार वापरत नाही,
शपथ आहे. तिला सापडली सोन्याची कुऱ्हाड.
तिनं ती उलटी धरली आणि तुंब्यानं हाणली.
"बोथट बाजू. बघा नियमात."
नियमात नव्हतं. मी हो म्हटलं.

आणि तौफिक शिकलगार.
दोन वर्षं चोर खेळतोय.
अंधारातून पाठीत एकच घाव, त्याला चार फासे जादा,
पण कुणी पाहिलं नाही तरच.
बाकीचे ओरडतात. त्याची पाळी आली की
तो हळूच म्हणतो, "मी भिंतीला लागून."
मला वाटायचं, याला काहीतरी द्यावं.
एका रात्री जॉब कार्डाच्या पाठीवर मी जंबिया लिहिला:
घावाला तीन जादा, भुतांनाही लागतो,
म्यानाबाहेर काढला की वीस पावलं उजेड पडतो.
लिहिताना फार सुंदर वाटलं ते.

त्यानं कार्ड वाचलं.
"पोलाद कुठलं?"
त्याच्या आज्ज्यानं जन्मभर धारा लावल्या. मला सांगता येईना.
मग म्हणाला,
"हा हातात असला तर मी लपायचं कसं?"

खालून ट्रक गेला, चहाचे ग्लास किणकिणले.
"काय उजेड पाडलास रे भावा," पद्मण्णा म्हणाला.

साडेबारापर्यंत तेच.
म्यानात ठेवायचा, घावाच्या क्षणी उपसायचा;
पण उजेड घावाआधी पडतो की नंतर?
गोणपाटात गुंडाळायचा, मग धार लागायची कशी?
काळ्या शाईनं रंगवला तर?
जादू शाईला जुमानते का, कुठल्याच पानावर नाही.
शेवटी मी पेन घेतलं, उजेडाची ओळ खोडायला.
तौफिकनं कार्डावर तळवा ठेवला.
"दिलंयस तर असू दे."

किल्ल्याचं अंगण. सहा पहारेकरी.
"मी जंबिया काढतो," तो म्हणाला, "हौदाच्या काठावर ठेवतो.
आणि जातो."
"कुठं?"
"उजेड संपतो तिथून एक पाऊल मागं."

सहाही जण आले, वाकले.
तोंडं पिवळीधमक, पाठी काळ्या.
त्यानं कमरेची जुनी सुरी काढली,
जादा काही नाही, मुठीला सुतळी.
चार फासे. पुन्हा चार.
पितळीवर सतरा. कुणी बोललं नाही.

जंबिया हौदावरच राहिला.
विसरला की ठेवून आला, मी विचारलं नाही.
कार्ड मात्र त्यानं घडी घालून खिशात ठेवलं.

उतरताना जिन्यातला बल्ब गेलेला.
मी मोबाईलची बॅटरी लावली. तो पुढं होता,
नुसती चपलेची करकर.
"बंद कर ते," खालून आवाज आला,
"तेरा पायऱ्या आहेत. सातवी मोडलीय."